स्वतःला घेऊन यायचं राहिलं

५ सप्टेंबर १९८४, बुधवार

आले बाई एकदाची! मार्लहर्स्टच्या माझ्या स्वतःच्या टेबलापाशी, माझ्या स्वतःच्या खुर्चीत बसून लिहितेय. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक कोपरा वाट्याला यायचा, तोही आईचं कणीक मळणं आटोपल्यावर.

सकाळी ग्रिम्सबीहून निघालो ते बर्टमामाच्या व्हॅनमधून. व्हॅनला माशांचा वास. आईनं काल ती घासून धुतली, वर लव्हेंडरचं पाणी शिंपडलं, त्यामुळे आता लव्हेंडर लावलेल्या माशांचा वास येतो. शाळेच्या फाटकात पुढेमागे लांबलचक चकचकीत गाड्यांची रांग आणि मधे आम्ही, दारावर 'ताजे कॉड, ताजे हॅडॉक' रंगवलेलं. मी सीटवरून खाली खाली सरकत होते, तर आईनं कोपरानं ढोसलं. म्हणाली, ताठ बस गं, त्या बापाच्या पैशावर आल्यात, तू स्वतःच्या अकलेवर आलीयस. एवढं ठणकावून सांगितलं आणि निघताना स्वतःच मुसमुसायला लागली. लॉरी, लॉरी करत माझे गाल इतके ओढले की लाल झाले.

मी नॉर्थ हाउस नावाच्या वसतिगृहात आहे. दगडी भिंती, वर चढलेली लाल वेल, खिडकीतून दिसणारी भलीमोठी हिरवळ, तिच्या कडेला देवदार आणि पलीकडे टेकड्या. हाउसच्या बाई मिस ऑर्ड. पन्नाशीच्या, गोलमटोल, गोड हसणाऱ्या. त्या याच शाळेत शिकल्या, मग इथेच शिकवायला राहिल्या. ट्रंक वर न्यायला त्यांनी स्वतः हात लावला.

खोलीत माझ्याबरोबर फिलिपा वेनरायट म्हणून एक मुलगी आहे, माझ्यासारखीच अकरावीत, पण लहानपणापासून इथलीच. खिडकीजवळची खाट तिची होती, ती तिनं माझ्यासाठी सोडली. बरी वाटतेय. जेवायला खिमा आणि कुस्करलेले बटाटे, नंतर कस्टर्ड. मी दोनदा मागून घेतलं.

९ सप्टेंबर, रविवार

इथे काय नाही ते विचारा. पोहायचा तलाव, दुर्बीण, मखमली पडद्याचं नाटकघर. ग्रीक शिका, रशियन शिका, चेलो शिका, होडी वल्हवा. कुणी अडवत नाही, उलट मागे लागतात. माझ्या जुन्या शाळेत प्रयोगशाळेतला एकच बर्नर धड पेटायचा आणि त्यासाठी मारामारी व्हायची. मी तर हरखून गेलेय. ग्रीकला नाव घातलंय.

मुली वाईट नाहीत, पण टोमणे मारतात. आमच्याकडे दुपारच्या जेवणाला जो शब्द आहे तो इथे रात्रीच्या जेवणाला वापरतात. मी तो दुपारी वापरला. लगेच एकीनं विचारलं, काय गं टास्कर, तुमच्याकडे दुपारीच रात्र होते का? सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. इथे सगळ्या आडनावानंच हाक मारतात. फक्त फिलिपाला सगळे फिलिपा म्हणतात, आचारीणबाईसुद्धा.

ही फिलिपा! चेलो वाजवते, लॅक्रोसच्या संघात आहे, लॅटिनमध्ये पहिली, आणि सकाळी उठल्या उठल्या तिचे केस नीट असतात. इतकं सगळं असून ती थोडी तरी शिष्ट असती तर बरं झालं असतं. पण नाही. माझा मोजा भोकाचा दिसला तर कुणाला न सांगता तिनं शिवून ठेवला. मला इतका राग आला की काय सांगू.

जिन्याखालच्या फोनवरून आईशी बोलले. तिनं विचारलं, मैत्रीण मिळाली का? मी म्हटलं, हो, एक शहाणी आहे खोलीत. आई म्हणाली, तुझा आवाज असा का गं येतोय, लिंबू चोखल्यासारखा?

१९ सप्टेंबर, बुधवार

मला वाटलं होतं की इथे येऊन मी हुशार ठरेन. ग्रिम्सबीत मी हुशार होते. इथे मी 'मेहनती' आहे. ग्रीकच्या बाई म्हणाल्या, टास्कर फार मेहनती. आणि मग फिलिपाकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं.

आज मुख्याध्यापिका मिसेस कॅरदर्सनी सांगितलं की दरवर्षीप्रमाणे अकरावीतली एक मुलगी नाताळनंतर एका सत्रासाठी अमेरिकेला जाईल. तिकडची शाळा सगळा खर्च करते. अमेरिका! मला सोडायला आली तेवढं सोडलं तर माझी आई आमच्या शेजारच्या स्केग्नेसच्या पलीकडे गेलेली नाही. मी मनात म्हटलं, लॉरेन टास्कर, हे तुझंच. तेवढ्यात मागून कुजबूज आली, फिलिपाच जाणार, आणखी कोण? फिलिपा मला म्हणाली, तू नाव देच हं, तुला मिळायला हवं. जणू तिच्या ताटातला घास.

पोटात दुखतंय. खरंच दुखतंय. मेट्रननी खडू कालवल्यासारखं काहीतरी पाजलं. त्यानं काय होतंय!

२७ सप्टेंबर, गुरुवार

मंगळवारी शाळेचा फोटो. हे प्रकरण इथे सणासारखं असतं. सबंध शाळा हिरवळीवर अर्धगोलात उभी राहते आणि मधे तिकाटण्यावर चावीचा जुना कॅमेरा ठेवतात. तो घरघरत सावकाश डावीकडून उजवीकडे फिरतो. ज्यांच्यावरून तो पुढे गेला त्यांनी हललं तरी चालतं. म्हणून दरवर्षी एक मुलगी डाव्या टोकाला उभी राहते, कॅमेरा पुढे सरकला की मागच्या मागे धूम पळते आणि उजव्या टोकाला जाऊन पुन्हा उभी राहते. फोटोत ती दोनदा येते. तिला 'धावणारी' म्हणतात. बाईंनाही माहीत असतं, त्या मुद्दाम आकाशाकडे बघतात.

गंमत पुढे आहे. पळताना तिनं आपली टोपी डाव्या टोकाच्या मैत्रिणीच्या हातात द्यायची. फोटो झाला की सगळ्यांसमोरून पळत परत जायचं, टोपी घालायची आणि मग सगळ्या टाळ्या वाजवतात. याला म्हणतात स्वतःला घेऊन येणं. असा पोरकटपणा, पण थट्टेतही कुणी तो चुकवत नाही.

नॉर्थ हाउसनं मतं घेतली. सगळी फिलिपाला. आणि तिनं उभं राहून काय सांगावं? टास्कर नवीन आहे, तिला धावू द्या, मी तिची टोपी धरीन. सगळ्या म्हणाल्या, किती गं चांगली तू! चांगली कोण, तर ती. धावणार मी, आणि वाहवा तिची. मला मिळालेला पहिला मान तोसुद्धा तिचा उतरलेला.

२ ऑक्टोबर, मंगळवार

ऊन छान होतं. फिलिपाच्या हातात टोपी दिली, घरघर सुरू झाली, आमच्यावरून पुढे गेली आणि मी सुटले. काय पळाले! पाठीमागच्या चिखलातून, वाकून, हसू दाबत. उजव्या टोकाला बारावीच्या मुलींमध्ये घुसले तेव्हा छाती फुटायची बाकी होती. जेमतेम वेळेवर.

फोटो झाला. डाव्या टोकाला फिलिपानं टोपी उंच धरली आणि सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. पण कुणाकडे बघून? तिच्याकडे! ती तिथे हसत उभी, टोपी हलवतेय, जणू तीच पळून आलीय. नेमक्या त्याच वेळी मिसेस कॅरदर्स आमच्या बाजूला आल्या आणि मला म्हणाल्या, शाब्बास टास्कर, पाय चांगले आहेत. पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. आता हे सोडून मी तिकडे जाऊन तिच्या हातून टोपी घेऊ? तिच्या टाळ्यांत?

नाही गेले. फिलिपा हाका मारत होती, मी ऐकलं नाही असं दाखवलं. मुली ओरडल्या, टास्कर, स्वतःला तिथेच ठेवून चाललीस की! मी म्हटलं, राहू दे तिला तिथेच, थोडी हवा खाईल. हशा झाला. माझ्या बोलण्यावर, पहिल्यांदा.

फक्त मिस ऑर्ड हसल्या नाहीत. चहाला जाताना दंड धरून म्हणाल्या, जा गं, अजून जा, काय बिघडतं? मी म्हटलं, बाई, चहा गार होईल.

८ ऑक्टोबर, सोमवार

गमतीच चालल्यात. पहिलीतली एक चिमुरडी नाश्त्याला माझ्या गळ्यात पडली. म्हणे, काल मला घरची आठवण येत होती तेव्हा तू किती वेळ बसलीस माझ्यापाशी. मी? काल मी दिवसभर ग्रीक घोकत होते. पण बाई शेजारीच होत्या, कौतुकानं बघत होत्या. म्हटलं, त्यात काय एवढं!

दुपारी आचारीणबाईंनी बटाटे सोलायला मदत केल्याबद्दल मला जास्तीचा केक दिला. मी खाल्ला. कुणाची तरी चूक होत असेल तर माझं काय जातं? फुकटचं नाव मिळतंय. फिलिपाला आजवर मिळालंच की.

१७ ऑक्टोबर, बुधवार

फोटो लागला, जेवणघराच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्या आधी धावणारीला शोधतात. उजवीकडची मी: केस विस्कटलेले, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळे तिरके करून डावीकडे बघतेय. कुणाकडे ते मला माहीत आहे. शी! असं तोंड असतं माझं?

आणि डावीकडची मी फिलिपाच्या हातात हात घालून हसतेय. मनापासून हसतेय. मी तिच्या हातात हात घातला नव्हता. मी तिच्यापासून वीतभर दूर होते. मला पक्कं आठवतंय.

मुली म्हणाल्या, टास्कर, ही डावीकडची किती गोड आलीय गं! उजवीकडची कुणी मारक्या म्हशीसारखी. मग एक म्हणाली, डावीकडची म्हणजे आपली लॉरी. दुसरी हसून हो म्हणाली. लॉरी? मला लॉरी फक्त आई म्हणते. इथे कुणाला ते नाव ठाऊकच नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

आईला फोन केला. ती म्हणाली, अगं, पुन्हा? सकाळीच तर केलास. मी म्हटलं, नाही केला. तर हसायला लागली. म्हणे, वाढदिवसाचं गाणं म्हणालीस, मला रडवलंस, आणि आता नाही म्हणतेस?

आईचा वाढदिवस होता. मी विसरले होते.

आई पुढे म्हणाली, काय गं, सकाळी किती छान बोलत होतीस, सगळ्यांचं चांगलं सांगत होतीस. आता पुन्हा तोच आवाज, लिंबू चोखलेला. मला वाटलं होतं, माझी पोर बदलली.

मी फोन ठेवला. ही फिलिपाची करणी आहे. तीच माझा आवाज काढते. दुसरं कोण?

१ नोव्हेंबर, गुरुवार

नाही, फिलिपा नाही.

सत्राच्या मधे आठवडाभर सुट्टी होती, तेव्हा मला ताप होता. सगळा आठवडा आजाऱ्यांच्या खोलीत होते, मेट्रन साक्षीला आहे. आज फिलिपाच्या आईचा भलामोठा केक आला, आमच्या दोघींच्या नावानं. फिलिपा म्हणाली, आईला तू इतकी आवडलीस ना लॉरी! तुझ्याशिवाय सुट्टी सुनी गेली असती. बाबांनी तुला घोड्यावर बसवलं तेव्हा तू कशी किंचाळलीस! मी म्हटलं, मी इथे होते, तापानं फणफणत होते. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग ती माझ्याकडे निरखून बघायला लागली आणि तिचं हसू हळूहळू गेलं. म्हणाली, ओह, टास्कर, तू होय.

तू होय! म्हणजे काय?

आणि लाज वाटते पण लिहिते. भीती वाटायच्या आधी मला हेवा वाटला. घोड्यावर ती बसली. त्या घरात माझ्या नावानं लाड झाले ते तिचे.

५ नोव्हेंबर, सोमवार

आज पाच नोव्हेंबरची दरवर्षीची शेकोटी पेटवली, फटाके उडवले. सगळी शाळा शेकोटीभोवती. ज्वाळांच्या पलीकडे मी तिला पाहिलं. माझं नाक, माझे खांदे, माझा शाळेचा कोट. फिलिपाच्या खांद्यावर डोकं टेकवून साखरेच्या पाकातलं सफरचंद खात होती. तिच्या भोवती सगळ्या जणी. तिनं काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या.

तिनं मला पाहिलं. तोंड वाकडं केलं नाही, दचकली नाही. हात हलवला. ओळखीच्या माणसाला हलवतात तसा.

मी शेकोटीला वळसा घालून धावले. तिथे कुणी नव्हतं. म्हणजे फिलिपा होती, बाकीच्या होत्या. म्हणाल्या, टास्कर, धक्के काय मारतेस? लॉरी कुठे गेली?

१४ नोव्हेंबर, बुधवार

मिस ऑर्डकडे गेले. सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील, डॉक्टरकडे पाठवतील. त्यांनी चहा ओतला, साखर घातली, ढवळला आणि म्हणाल्या, मी तुला जा म्हटलं होतं ना गं?

मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाल्या, आमच्या वेळी ऑर्ड नावाची मुलगी धावली. त्या वर्षी चॅपलमध्ये एकटीनं गायचा मान दुसरीला मिळाला होता आणि तीच दुसरी टोपी धरून उभी होती. म्हणून ऑर्ड घुश्शात परत आलीच नाही. मी विचारलं, मग तुमचं काय झालं? त्या म्हणाल्या, माझं काही झालं नाही, बाळ. माझं सगळं चांगलं झालं. मी डावीकडची.

मी कपबशी खाली ठेवली.

त्या म्हणाल्या, घाबरू नकोस, आम्ही वाईट नसतो. आम्ही फक्त उभ्या असतो, कुणी न्यायला येईल म्हणून. ज्याच्यात हेवा नसतो तेवढाच भाग मागे राहतो ना. लोकांना तो आवडतो, त्याला आम्ही काय करणार? मी विचारलं, आणि ती? धावलेली? त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाल्या, नाताळपर्यंत दिसायची कधीमधी. मग आई मला घरी घेऊन गेली आणि तिला कुणी शोधलंच नाही.

मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, हिरवळीवर डाव्या टोकाला जा. तिला हाक मार. ती येईल, हात पुढे करील. तो हात धर. पण धरताना मनात तिच्याबद्दल तसूभरही हेवा नको. आई तिला घरी घेऊन गेली की संपलं, मग नाही जमणार.

एवढंच? म्हटलं, एवढंच ना!

२१ नोव्हेंबर, बुधवार

जेवणघरात माझ्या जागी ती बसते. मी आले की उठून गेलेली असते, पण ताट वापरलेलं, खुर्ची कोमट. आज माझं ताट वाढलंच नव्हतं. मी मागितलं तर आचारीणबाई म्हणाल्या, तू कुठल्या हाउसची गं?

चार वेळा हिरवळीपर्यंत गेले. हाक मारवत नाही. आधी मन साफ करते. देवाचं नाव घेते. आणि मग आठवतं, ग्रीकमध्ये ती पहिली आली. फिलिपाच्याही पुढे. माझ्या नावावर.

२८ नोव्हेंबर, बुधवार

मिसेस कॅरदर्स सभागृहात म्हणाल्या — अमेरिकेला लॉरेन टास्कर.

मी उभी राहिले. हसत, रडत उभी राहिले. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. त्या खिडकीकडे बघत होत्या. ती तिथे उभी होती. फिलिपानं तिला मिठी मारली. फिलिपा खरंच आनंदानं रडत होती. तिचं बक्षीस गेलं, आणि ती रडतेय आनंदानं! कशी माणसं असतात अशी?

माझंच नाव. माझीच अमेरिका. आणि जळतेय मीच.

३ डिसेंबर, सोमवार

गेले. हाक मारली. लॉरेन, म्हटलं. आली नाही. मग लॉरी म्हटलं.

देवदाराखालून आली. धुकं होतं. जवळून अगदी माझ्यासारखी, फक्त कपाळावर आठी नाही. तिनं हात पुढे केला. म्हणाली, किती वाट बघायला लावलीस गं! चल, थंडी वाजतेय.

माझा हात तिच्या बोटांना लागला. ऊबदार होती बोटं. मी मनात म्हणत होते, चांगलं होवो तुझं, चांगलं होवो तुझं —

तेवढ्यात कोटावरचा बिल्ला दिसला. हाउस कॅप्टनचा. नवा, चकचकीत. मी म्हटलं, हा केव्हा मिळाला तुला?

नुसतं विचारलं. पण आवाज — तो आवाज. लिंबू चोखलेला.

तिनं हात मागे घेतला. तिला वाईट वाटलं होतं. खरंच वाईट वाटलं होतं माझ्यासाठी. तेच तर सहन होत नाही.

८ डिसेंबर, शनिवार

फिलिपा खोलीत आली, माझ्या खाटेवर बसली. मी खाटेवर होते. तिला मी दिसले नाही. लॉरीची चादर घडी करून गेली.

मिस ऑर्ड मात्र बघतात. बघून नजर वळवतात.

बुधवारपासून नाताळची सुट्टी. आई येणार. आई ओळखेल. आई कशी नाही ओळखणार? नऊ महिने — माझी आई आहे ती.

११ डिसेंबर, मंगळवार

फोनवर आईचा आवाज आला. मी म्हटलं, आई, मी. ती म्हणाली, हॅलो? कोण आहे? बोला ना. हॅलो? आणि मग कुणाला तरी म्हणाली, कुणी नाही रे बर्ट, नुसता वारा.

मागून फोन ठेवल्याचा —

१२ डिसेंबर, बुधवार. दुपार, पायरीवर

व्हॅन आली. कॉड, हॅडॉक. मी आधी पोचले. आई उतरली. तिनं केस कापलेत, ओठ रंगवलेत. मी अगदी समोर. आई, म्हटलं.

तिनं पाहिलं मला. डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. आणि म्हणाली — तुला न्यायला अजून कुणी आलं नाही का गं बाळ? येतील हं. रस्त्यात गर्दी आहे फार.

बाळ म्हणाली. कुणाच्याही पोरीला म्हणतात तसं.

मग माझ्यावरून नजर उचलून ओरडली, लॉरी! अगं माझी लॉरी! आणि धावली. गाल ओढले तिचे. लाल होईपर्यंत.

तोच दिवस. हिरवळ, डावं टोक

अंधारून येतंय. उभ्यानं लिहितेय. व्हॅन फाटकापर्यंत गेली. मी हाक मारली, घसा फुटेपर्यंत, लॉरी, लॉरी —

थांबली. व्हॅन थांबली! दार उघडलं. ती उतरली. आईला काहीतरी सांगतेय. आई आत थांबलीय. ती येतेय. परत येतेय, मला न्यायला. अजून घरी नेलं नाही, अजून उशीर झाला नाही.

आता फक्त हेवा करायचा नाही. नाही करणार. अमेरिका तुला मिळाली — बरं झालं. बिल्ला — बरं झालं. फिलिपा तुझी — तुझीच. आईनं गाल ओढले — ओढू दे. तू गाणं म्हणालीस, मी विसरले. तू चांगली आहेस. जमतंय. बघ, जमतंय मला, पोटात दुखत नाहीये —

देवदारापाशी आली. हसतेय. हात पुढे केलाय. फक्त धरायचा. धरते. हा बघ, लिहिणं थांबवून —

तिच्या अंगावर आईचा कोट आहे. आईचा एकच कोट. आई तिकडे व्हॅनमध्ये कुडकुडत बसलीय आणि स्वतःच्या अंगावरचा काढून हिला — मला कधी — सोळा वर्षांत मला एकदा तरी —